चौसष्ट घरांची अक्षरं

१ एप्रिल १९८६, ओसाका

आले बाई एकदाची! सकाळी सहाला बोट धक्क्याला लागली आणि सव्वानऊला मी कंपनीच्या दारात उभी. कंपनी म्हणजे तरी काय, चटया विणणाऱ्याच्या दुकानावरचा दुसरा मजला. जिनाभर ताज्या गवताचा वास. अर्धी नोकरी तर मला तिथेच आवडली.

काम अक्षरं काढायचं. टीव्हीला जोडून खेळतात त्या खेळांमधली अक्षरं. चौकटीच्या कागदावर आठ आडवी, आठ उभी घरं धरायची आणि त्या चौसष्ट घरांत एक अक्षर बसवायचं. घर भरायचं नाहीतर मोकळं सोडायचं, अर्धवट काही चालत नाही. साहेब तोकुनागा-सान म्हणाले, चाळीस अर्ज आले होते, तुझा मी एका ओळीसाठी उचलला. ती ओळ म्हणजे 'वडील थडग्यांच्या दगडांवर नावं खोदतात'. ज्या घरात चुकलेलं अक्षर खोडता येत नाही तिथली मुलगी त्यांना हवी होती. मला इतकं बरं वाटलं, की आभार मानायला वाकले ती टेबलाच्या कडेवर कपाळ आपटलं.

या खेळावर आम्ही चौघंच. तोकुनागा-सान पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर शोधत बसणारे. होकारी-सान प्रोग्राम लिहितात. अस्सल ओसाकाचे, तोंडाला फाटक नाही. मी पाथरवटाची मुलगी हे कळल्यावर लगेच विचारलं, हातोडा आणलास का, आमचं मशीन अधूनमधून ठोकावं लागतं. आणि ओरिए-सान, संगीत त्यांचं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, पण पहिल्या तासातच मला सुमी म्हणायला लागल्या आणि डब्यातलं अंडं माझ्या ताटलीत टाकून मोकळ्या झाल्या.

इथे रोज सकाळी हजेरीच्या वहीत आपल्या नावाचा शिक्का उठवायचा असतो. माझा शिक्का निघताना बाबांनी कोरून दिलाय, सुपारीएवढ्या दगडाचा. लाल शाईवर टेकवला आणि वहीत दाबला. 'हायाशिदा'. एक रेघ तुटली नाही.

दुपारी उदोनच्या जाड शेवया खाल्ल्या. ओल्या सुतळ्या! या बाबतीत आमच्या गावाकडचा नाद कुणी करू नये.

९ एप्रिल

वाटलं होतं, आठवड्यात सगळी सेहेचाळीस अक्षरं हातावेगळी करीन. कसलं काय, आजपर्यंत सतरा झालीत.

उजवीकडची आणि खालची एकेक ओळ मोकळी ठेवावीच लागते, नाहीतर शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. म्हणजे हातात उरतात साताला सात घरं. उभी रेघ एका घराची काढली तर टीव्हीवर ती थरथरते, म्हणून ती दोन घरं जाड. 'को' दोन रेघांचा, गुमान बसतो. 'ने', 'रे' आणि 'वा' या तिघांचं धड एकच, फक्त शेपटी वेगळी. शेपटीला वाट्याला तीन घरं येतात. तीन घरांत ती वळवायची कशी आणि थांबवायची कुठे? आणि 'नु'ची तर बातच सोडा. होकारी-सान माझा 'नु' बघून म्हणाले, हे अक्षर आहे की पायाखाली आलेला खेकडा.

मला राग आला. पण खेकडाच होता तो. सगळे कागद पाकिटात घालून बाबांना पाठवले.

२ मे

बाबांचं आणखी एक उत्तर आलं. पत्र चारच ओळींचं. दगड वळू देत नाही तिथे मी वळत नाही, बघणाऱ्याचा डोळा आपोआप वळतो, असं लिहिलंय. सोबत माझेच कागद, त्यावर पेन्सिलीने फुल्या. 'नु'मधली तीन घरं रिकामी करायला सांगितली होती. केली, आणि खेकड्याचा 'नु' झाला! 'वा'ची शेपटी आत वळवू नकोस, शेवटच्या घरात सोडून दे, असंही लिहिलंय.

तीन आठवडे हेच चाललंय. मी पाठवते, ते फुल्या मारून परत पाठवतात. आता ही अक्षरं अर्धी त्यांचीच आहेत. आज सगळी मिळून टीव्हीवर लावली तेव्हा तोकुनागा-सान चष्मा कपाळावरून नाकावर आणून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, खोदल्यासारखी दिसतात. होकारी-सान म्हणाले, दगडवाली, आता माझ्या प्रोग्रामलासुद्धा आंघोळ करून बसावं लागेल.

१८ जून

खेळ असा आहे: एक भिक्षू भुतांना पिटाळत डोंगरावरच्या देवळापर्यंत जातो. चौथा टप्पा स्मशानाचा. वाटेत थडगी.

आता इथली एक रीत. खेळाच्या शेवटी आमची खरी नावं येत नाहीत. नाव दिसलं की दुसऱ्या दिवशी दुसरी कंपनी फोन करून माणूस पळवते. म्हणून आतापर्यंतच्या खेळांत होकारी-सान 'बटाटा' होते आणि ओरिए-सान 'तीन मांजरं'. मी सहज म्हटलं, मग आपली नावं थडग्यांवर घालू या की. तिथे कोण शोधायला येतंय? सगळे हसत सुटले आणि ठरलंसुद्धा.

भिक्षू चालत जातो त्या क्रमाने दगड असे: पहिला तोकुनागा, दुसरा होकारी, तिसरा ओरिए. चौथ्यासाठी मी जरा अडखळत विचारलं, बाबांचं घालू का, अक्षरं त्यांची आहेत. तोकुनागा-सान म्हणाले, विचारतेस काय, घाल. 'हायाशिदा कान्जी'. पाचवा माझा, 'सुमिए'. आणि सहावा कोरा. खेळ सुरू करताना खेळणारा आपलं नाव लिहितो ना, तेच नाव सहाव्या दगडावर उमटेल. पोरं टुणकन उडतील! ही कल्पना माझी. होकारी-सान टेबलावर हात आपटून म्हणाले, ही मुलगी दिसते तशी साधी नाही हो.

नावं मी लाल केली. होकारी-सानना कारण ठाऊक नव्हतं, शहरात वाढलेले. मी सांगितलं, नवराबायकोचा दगड एकच असतो. एक गेलं की दोघांची नावं एकदमच खोदून ठेवतात. जे माणूस मागे आहे त्याच्या नावात लाल रंग भरायचा, आणि तेही गेलं की लाल काढून टाकायचा. जिवंत माणसाचं नाव थडग्यावर पांढरं ठेवणं म्हणजे त्याला बोलावणं पाठवणं. होकारी-सान म्हणाले, अच्छा, म्हणजे रस्त्यावरचा दिवा. लाल आहे तोवर थांबायचं.

१४ ऑगस्ट, मुरे गाव

पितरांच्या सुट्टीला घरी आले. सकाळी बाबांबरोबर जाऊन आईचा दगड धुतला. आईचं नाव पांढरं, शेजारी बाबांचं लाल. बाबा दरवर्षीसारखं म्हणाले, अजून लाल आहे बघ, जेवायला वाढ.

खेळात त्यांचं नाव घातल्याचं सांगितलं. चेहरा खुलला त्यांचा. पण लगेच विचारलं, लाल ना? मी म्हटलं, हो बाबा, लाल. ते दगड पुसता पुसता थांबले आणि पुन्हा विचारलं, लालच राहणार ना? मी शब्द दिला.

२० ऑगस्ट

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

लाल रंग टीव्हीवर पसरतो. घराची कड धरत नाही, अक्षर भिजल्यासारखं दिसतं. चौथ्या टप्प्यातलं एकही नाव वाचता येईना. परवा खेळ कारखान्यात जायचा आहे. तोकुनागा-सान म्हणाले, पांढरं कर.

मी नाही म्हटलं. ही जिवंत माणसांची नावं आहेत, आमच्यात असं करत नाहीत. होकारी-सान म्हणाले, अगं माझे आई, माझं नाव पांढरं झालं तर निदान माझ्या आईला तरी वाचता येईल. मी पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा तोकुनागा-सान हळूच म्हणाले, सुमी, हा दगड नाही, नुसता उजेड आहे. पण अक्षरं तुझी आहेत, तू ठरव.

ओरडले असते तर मी भांडले असते. चांगलं बोलले, तिथेच मी ढेपाळले. त्यांनी मला चांगली म्हणावं एवढीच हाव. एक आकडा बदलला आणि सहाही दगड एकदम पांढरे झाले. इतकी सुरेख दिसली अक्षरं! मला अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू.

बाबांना कळवणार नाही.

२२ ऑगस्ट

खेळ कारखान्यात गेला. आता त्यातला एक ठिपकाही हलत नाही. होकारी-सान म्हणाले, चिपमध्ये ओतलं की ओतलं, तुमच्या दगडासारखंच. ऐंशी हजार कॅसेट निघणार आहेत. आम्ही चौघांनी खाली चटईवाल्याबरोबर कलिंगड कापलं.

४ सप्टेंबर

सकाळी हजेरीला तोकुनागा-सानचा शिक्का उठेना. शाई भरपूर होती. त्यांनी तीनदा दाबला, तीनदा कागदावर नुसता खळगा पडला. रंग नाही. होकारी-सान म्हणाले, साहेब, शिक्क्यालाही तुमच्यासारखा चष्मा सापडत नाहीये.

त्यांच्या पाठोपाठ मी त्याच शाईत माझा बुडवला. लालभडक उठला.

८ सप्टेंबर

तोकुनागा-सान गेले. काल दुपारी अंघोळीच्या टबात बसलेले, तसेच. त्यांच्या बायकोने आम्हाला सांगितलं, चष्मा कपाळावरच होता. ओरिए-सान माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मी पण रडले. मला दुसरं काही सुचलं नाही तोवर. परत येताना बसमध्ये सुचलं: पहिला दगड त्यांचा, पांढरा.

२६ सप्टेंबर

आज होकारी-सानचा शिक्का. खळगा.

त्यांनी हजेरीची वही मिटली. मग मशीनपाशी बसून चौथा टप्पा खेळले. पहिल्या दगडापाशी भिक्षूला उभा केला. दुसऱ्यापाशी केला. मला विचारलं, दगडवाली, वडिलांकडे यावर काही इलाज असतो का गं? पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता.

मी म्हटलं, काहीतरी भलतंच काय बोलता. मी खोटं बोलले. बाबांना फोन करायला पाहिजे होता, पण दिलेला शब्द मोडल्याचं सांगावं लागलं असतं.

३० सप्टेंबर

होकारी-सान गेले. भर दुपारी, चौकात. मालाचा ट्रक फुटपाथवर चढला.

चालणाऱ्यांचा दिवा लाल होता. ते थांबलेले होते.

४ ऑक्टोबर

ओरिए-सानना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आता माझी पाळी का? मी मान हलवली. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मग स्वतःच रडल्या आणि मला बळजबरीने भात खायला लावला, दोन दिवस जेवली नाहीस म्हणून.

कारखान्याला फोन केला. ऐंशी हजार तयार, खोक्यांत भरलेल्या. वरून आलेले नवे साहेब म्हणाले, दोन माणसं गेली त्याचं दुःख आम्हालाही आहे, तुम्ही चार दिवस घरी जाऊन या. मी त्यांच्यासमोर जमिनीला कपाळ लावलं. ते शिपायाला चहा आणायला सांगून बाहेर गेले.

ओरिए-सान बहिणीकडे निघाल्या. मी त्यांना लाल रंगाची बाटली दिली. नाव लिहा, रोज लिहा, कशावरही लिहा.

१५ ऑक्टोबर

ओरिए-सानचं पत्र. लाल रंग तासाभरात उडतो. पोस्टमनच्या कागदावर शिक्का मारला तर खळगा उठला. शेवटी लिहिलंय, सुमी, मी मांजरं बहिणीला देऊन टाकली, तू नीट जेवत जा.

१७ ऑक्टोबर

बहिणीचा फोन. दुपारी खिडकीत बसून काहीतरी गुणगुणत होत्या. गाणं मध्येच थांबलं.

आता बाबा.

१९ ऑक्टोबर, मुरे

पहिल्या बोटीने आले. बाबा त्यांच्या दगडाच्या कारखान्यात छिन्नीला धार लावत होते. मी दारातूनच सगळं ओकले. लाल, पांढरं, शिक्के, तिघंही.

ते एवढंच म्हणाले, शब्द दिला होतास. आणि धार लावत राहिले. हे ऐकण्यापेक्षा मला मारलं असतं तर बरं. मग छिन्नी खाली ठेवून म्हणाले, हात धू, जेवायला बस.

जेवून मला आईच्या दगडापाशी घेऊन गेले. ऑगस्टपासून त्यांच्या नावातला लाल रंग टिकत नाहीये. पाच वेळा भरला. त्यांना वाटलं, दुकानदाराने फसवलं, त्याच्याशी भांडूनही आले होते. मग त्यांच्या उस्तादांच्या वेळचा एक जुना डबा माळ्यावरून काढला. त्यातला रंग आठ-दहा दिवस टिकतो. डबा अर्धा उरलाय.

तो किती दिवस पुरेल याचा मी हिशेब करायला लागले. बाबांनी डब्याचं झाकण लावलं.

२३ ऑक्टोबर

बाबांच्या नावात मी आज लाल भरला. आमचे हात सारखेच आहेत हे पहिल्यांदा दिसलं. ते दिवसभर कारखान्याचं दार लावून काम करतात. मला आत येऊ देत नाहीत. माझे चौकटीचे कागद मागून घेतले.

२९ ऑक्टोबर

सकाळी बाबा म्हणाले, तकामात्सु शहरात एक म्हातारा रंगवाला आहे, त्याच्याकडे उस्तादांच्या वेळचा रंग असेल, जाऊन बघ. मी गेले. तो रंगवाला वारून अकरा वर्षं झाली. बाबा त्याच्या मयतीला गेले होते, असं शेजारीण म्हणाली.

तेव्हा कळलं. धावत आले.

कारखान्याचं दार उघडं. बाबा दगडाला टेकून बसलेले, हातात ब्रश, बोटं लाल. हात अजून कोमट होता.

समोर काळ्या दगडावर माझं नाव. सुमिए. माझ्याच अक्षरांत, चौसष्ट घरांच्या. एकेक ठिपका पेरभर खोल खोदलेला आणि काठोकाठ लाल भरलेला.

आईशेजारचं त्यांचं नाव पाहून आले. स्वच्छ पांढरं. रंग त्यांनीच धुऊन काढला होता, बादली तिथेच होती.

१० नोव्हेंबर

मी जिवंत आहे. सकाळी शिक्का दाबून बघते. लाल.

खोल भरलेला रंग टिकतो. तरी कडेने फिकटतो, मग ब्रशच्या टोकाने थेंब सोडते. डब्यात बोटभर उरलाय. मला पाच-सहा वर्षं जाईल. बाबांनी माप काढूनच खोदलं होतं.

रडू येत नाही. राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

२१ नोव्हेंबर

आज खेळ दुकानात आला. बघायला तकामात्सुला गेले. का गेले? खेळण्यांच्या दुकानापुढे पोरांची रांग, कोपऱ्याच्या पलीकडेपर्यंत.

पुढची मुलगी मागचीला सांगत होती, स्मशानात आपलं स्वतःचं नाव येतं म्हणे.

सहावा दगड.

तिघं गेली, बाबा गेले, आणि इतक्या दिवसांत सहावा दगड मला एकदाही आठवला नाही. स्वतःच्या रंगाचा हिशेब मात्र रोज केला.

मी ओरडले. एकीच्या हातातलं खोकं हिसकावलं. दुकानदाराने दंडाला धरून बाहेर काढलं. मी सांगत होते, पांढरं आहे, पांढरं आहे. पोरं हसत होती.

८ डिसेंबर

कंपनीने गठ्ठा पाठवला. खोक्यातून एक कार्ड निघतं, खेळात काय आवडलं ते लिहून टाकायचं. तीनशे बारा कार्डं. अक्षरं तुमची, कौतुक तुमचं, असं नव्या साहेबांनी लिहिलंय.

सगळ्यांना सहावा दगड आवडला. मागच्या बाजूला पोरांनी आपापलं नाव काढलंय, घरं मोजून, माझ्या अक्षरांत. भोवती पेन्सिलीने काळं केलंय आणि नाव पांढरं सोडलंय.

एका कार्डावर मुलाचं अक्षर, खाली मोठ्या माणसाचं. दप्तरात सापडलं, टाकायचं राहून गेलं होतं, त्याला तुमचा खेळ फार आवडायचा.

आवडायचा.

११ डिसेंबर

कार्डांवर रंग भरला. उडतो. कागदावर जुना रंगही टिकत नाही. खोदायला हवं, खोल. मी बाबांच्या छिन्न्या घेतल्या. बोटं सोलून निघाली.

एका नावाला चार दिवस तरी लागतील. तीनशे बारा. आणि ही फक्त कार्ड टाकलेली.

कंपनीला फोन — दुसरा हप्ता निघतोय म्हणाले. एक लाख वीस हजार.

१६ डिसेंबर

सगळ्यात वरचं कार्ड मिवाचं. वय सात, मात्सुयामा. लिहिलंय, मी रोज माझ्या दगडापाशी थांबते आणि नमस्कार करते. भिक्षूला खाली बसायला लावते. मग पुढे जाते.

तिच्या घरी फोन नाही. तार केली. खेळ बंद करा. उत्तर आलं, आपण कोण?

१९ डिसेंबर

खोदलं. 'मि' आणि 'वा'. दोनच अक्षरं. बाबांइतकं खोल नाही, पण खोल.

डब्यात रंग बघितला. बोटभर वाटला होता, वरवरचाच होता. खाली सुकून दगड झालाय. जेमतेम एका नावाचा.

माझ्या नावाची कड फिकट झालीय. उद्या थेंब सोडायला हवा.

एका नावाचा.

२० डिसेंबर, सकाळ

बाबा त्या दिवशी बसले होते तिथेच बसलेय. ऊन चांगलं पडलंय.

शिक्का दाबला. खळगा.

एवढीशी पोर आणि बाकीचे तीनशे अकरा. त्या लाखांचं काय. एकीने काय होतं. काही होत नाही, माहीत आहे मला. नमस्कार करते म्हणे — मी केलेल्या दगडाला —

डबा उघडला. तेल घालून ढवळला.

दुपार

'मि' भरला. काठोकाठ. लाल टिकलाय, बोट लावून बघितलं.

माझ्या नावातला 'सु' पूर्ण पांढरा. बघायचं नाही तिकडे.

'वा'चं धड झालं. शेपटी उरली. तीन घरं. आत वळवायची नाही, शेवटच्या घरात सोडून द्यायची — हो बाबा —

हात गार पडलाय. ब्रश सुटतो. दोन घरं

एक. डबा खरवडला. बाबा, पुरतो का हो — एवढा एकच ठिप